उपचार संपल्यानंतरचा व्यायाम

सांगली-मिरज परिसरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना एक गोष्ट मला सातत्याने खटकत आली आहे. मणक्याला इजा झालेला, पाय गमावलेला किंवा पक्षाघातातून सावरणारा माणूस रुग्णालयात असतो, तोपर्यंत त्याच्या हालचालींकडे तीन-चार जणांचे बारीक लक्ष असते. तो घरी गेला की हे लक्ष संपते आणि बहुतेक वेळा त्याबरोबर व्यायामही संपतो. फाइलच्या शेवटच्या पानावर ‘घरी व्यायाम चालू ठेवावा’ एवढे एक वाक्य लिहिलेले असते. कोणता व्यायाम, किती वेळ, कशाच्या आधाराने, कोणते लक्षण दिसल्यावर थांबायचे आणि तो करण्यासाठी गावात कोणाकडे जायचे, यांपैकी काहीही त्या वाक्यात नसते. या वाक्याच्या पुढचे काम कोणी आणि कसे करायचे, याविषयी मी आज लिहीत आहे, आणि ते मुख्यतः माझ्यासारख्याच लोकांसाठी आहे: डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, शाळेतील क्रीडाशिक्षक, जिममधील प्रशिक्षक आणि योगशिक्षक.

माझे म्हणणे असे आहे की दिव्यांग व्यक्तीला व्यायामापासून दूर ठेवणारी भीती पुष्कळदा तिची स्वतःची नसते, ती आपली असते. ‘काही झाले तर?’ या प्रश्नापाशी आपण थांबतो आणि ‘जपून राहा’, ‘आराम करा’, ‘फार ताण घेऊ नका’ असे सांगून मोकळे होतो. ही भीती माहितीच्या अभावातून येते. जी माहिती हवी ती डोंगराएवढी नाही. ती थोडी आहे, मात्र नेमकी आहे, आणि प्रत्येक अपंगत्वानुसार वेगळी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयीची आपली मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांत पहिल्यांदाच दिव्यांग व्यक्तींसाठी स्वतंत्र शिफारशी दिल्या. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळ देणारे व्यायाम, असे प्रमाण त्यात आहे. मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत. हे आकडे इतर सर्वांना सांगितलेल्या आकड्यांसारखेच आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच दस्तऐवजात पुढे स्पष्ट म्हटले आहे की व्यक्तीची सध्याची सवय, प्रकृती आणि क्षमता यांना साजेशी हालचाल असेल तर दिव्यांग व्यक्तींना तिच्यापासून मोठा धोका नाही. आणि शिफारशीएवढी हालचाल जमली नाही तरी जेवढी जमेल तेवढी फायद्याचीच असते. आपल्याकडच्या किती डॉक्टरांच्या बोलण्यात हे उमटते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

हा विचार तसा जुना आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याच्या इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारांत खेळाला स्थान दिले आणि २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली. आमच्या सांगली जिल्ह्याचा या इतिहासाशी अभिमानास्पद संबंध आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, आणि आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या एफ-४६ गटाच्या गोळाफेकीत १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक मिळवले. या दोघांबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही नुकताच मणका दुखावलेल्या आणि अंथरुणावर कूस बदलायला शिकत असलेल्या माणसाला ‘पेटकरांकडे बघा’ असे पहिल्याच दिवशी सांगणे मला योग्य वाटत नाही. त्याला त्या क्षणी पदक नको असते. त्याला पलंगावरून खुर्चीत स्वतःच्या हातांच्या बळावर सरकायचे असते, आणि त्यासाठी लागणारी ताकद खांद्यांत कशी आणायची हे सांगणारा माणूस हवा असतो.

२०११च्या जनगणनेत भारतात सुमारे २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर आलेल्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यामुळे आज ही संख्या त्याहून मोठी धरायला हवी. याच कायद्याच्या ३०व्या कलमात दिव्यांग व्यक्तींना क्रीडा उपक्रमांत प्रभावी सहभाग घेता यावा यासाठी शासनाने उपाय करावेत असे म्हटले आहे. त्यासाठी अभ्यासक्रम आणि कार्यक्रमांची पुनर्रचना आणि सुविधांमधील बदल यांचाही उल्लेख त्यात आहे. कायदा झाला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु कलमातला ‘प्रभावी सहभाग’ प्रत्यक्षात घडतो तो एखाद्या प्रशिक्षकासमोर, एखाद्या मंगळवारी सकाळी, आणि त्या सकाळी त्याने काय करायचे हे कायदा सांगू शकत नाही.

सुरुवात बोलण्यापासून होते. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती आली की प्रश्न तिच्याबरोबर आलेल्या माणसाला विचारले जातात. ‘यांना काय त्रास आहे?’, ‘हे जेवतात का नीट?’ चाळीस वर्षांची, घर चालवणारी, हिशेब ठेवणारी बाई समोर बसलेली असते आणि तिच्या प्रकृतीविषयी तिच्या भावजयीशी बोलणे चालते. प्रश्न तिलाच विचारावा, उत्तराला वेळ लागला तर थांबावे, बोलणे अस्पष्ट असेल तर समजल्याचे नाटक न करता पुन्हा विचारावे. तिच्या व्हीलचेअरला, काठीला, कॅलिपरला (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांना) तिच्या परवानगीशिवाय हात लावू नये. हे नियम साधे आहेत, आणि त्यांवरच पुढचा सगळा विश्वास उभा राहतो.

त्यानंतरचा प्रश्न उद्दिष्टाचा. लहानपणी पोलिओ झालेल्या आणि शिवणकाम करणाऱ्या एका मावशी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्याआधीच्या सर्व कागदांवर ‘चालण्यात सुधारणा’ हे एकच उद्दिष्ट लिहिलेले होते. मी त्यांना विचारले, “मावशी, तुम्हाला स्वतःला काय जमायला हवंय?” त्या म्हणाल्या, “ताई, चालायचं माझं जसं आहे तसं असू दे. दिवाळीच्या आधी मशिनीवर दिवसभर बसावं लागतं, तेवढं पाठ-मान धरू नये, आणि संध्याकाळी स्वयंपाकाला अंगात जीव उरावा.” त्या एका उत्तराने व्यायामाची सगळी आखणी बदलली. पायांच्या कसरतींऐवजी पाठीच्या आणि खांद्यांच्या मागील स्नायूंचे बळ, बसल्या जागी दर तासाला दोन-तीन मिनिटांच्या हालचाली आणि दम वाढवण्यासाठी हातांचा व्यायाम असा क्रम आम्ही ठरवला. त्या तो करत राहिल्या, कारण तो त्यांचा होता.

पोलिओचा विषय निघाला आहे तर त्याविषयी थोडे सविस्तर सांगते. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला, त्यामुळे नव्या पिढीतील डॉक्टर आणि प्रशिक्षक यांच्या मनातून हा आजार जवळजवळ गेला आहे. परंतु ज्यांना तो बालपणी झाला ते लोक आज चाळीस, पन्नास, साठ वर्षांचे आहेत आणि त्यांपैकी अनेकांना आता नव्याने अशक्तपणा, थकवा आणि सांधेदुखी जाणवू लागली आहे. जे स्नायू वाचले होते त्यांनी इतकी वर्षे दुप्पट काम केलेले असते. अशा व्यक्तीला ‘जेवढा जास्त व्यायाम तेवढे चांगले’ हा जिममधला नेहमीचा मंत्र लागू होत नाही. हलका भार, मध्ये पुरेशी विश्रांती, एकाच स्नायूगटाला एक दिवसाआड काम, आणि ‘आजचा थकवा उद्या सकाळीही तसाच असेल तर प्रमाण कमी करायचे’ ही साधी कसोटी ठेवली तर व्यायाम लाभतो. ही कसोटी प्रशिक्षकाला माहीत नसेल तर तो उत्साहाच्या भरात नुकसान करतो. आणि ती माहीत असूनही त्याने व्यायामच नाकारला, तर स्नायू न वापरल्यामुळे क्षीण होतात. दोन्ही टोके टाळायची आहेत.

मणक्याच्या इजेच्या बाबतीत माहितीची गरज सर्वांत जास्त आहे, म्हणून तिथे मी अधिक थांबणार आहे. आमच्या भागात झाडावरून, विहिरीत किंवा बांधकामावरून पडून, आणि दुचाकीच्या अपघातात अशा इजा होतात. रुग्ण बहुतेक तरुण आणि कमावते असतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मणक्याची इजा असलेल्या प्रौढांनी तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे मध्यम ते जोरकस तीव्रतेचा दम वाढवणारा व्यायाम करावा आणि आठवड्यातून दोनदा काम करणाऱ्या प्रत्येक प्रमुख स्नायूगटासाठी बळ वाढवणाऱ्या व्यायामाचे तीन सेट करावेत. हृदय आणि चयापचय यांच्या आरोग्यासाठी ३० मिनिटांचा व्यायाम आठवड्यातून तीनदा सांगितला आहे. हे प्रमाण गाठणे अनेकांना शक्य आहे. फक्त चार-पाच गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट, नाडीचे ठोके. जिममध्ये ‘२२० वजा वय’ हे सूत्र भिंतीवर लावलेले असते. मानेतील मज्जारज्जूला इजा असेल तर हृदयाला वेग वाढवण्याचा संदेश नीट पोहोचत नाही आणि कितीही कष्ट केले तरी ठोके अनेकदा १०० ते १३०च्या आसपासच अडतात. सूत्रावर विसंबणारा प्रशिक्षक अशा व्यक्तीला ‘तुम्ही पुरेसा जोर लावत नाही’ असे सांगत राहतो, आणि ती मात्र थकून गेलेली असते. येथे श्रम किती वाटतात हे त्या व्यक्तीलाच ० ते १० या मोजपट्टीवर विचारावे. किंवा त्याहून सोपी खूण वापरावी: व्यायाम करताना शेजारच्याशी गप्पा मारता येतात पण अभंग म्हणता येत नाही, इतका दम लागत असेल तर तीव्रता मध्यम आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून ती प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असायला हवी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल तर शरीराच्या खालच्या भागातील एखाद्या त्रासामुळे रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. तुंबलेले मूत्राशय, पिळलेली कॅथेटरची (लघवी काढण्याची) नळी, बद्धकोष्ठता, आवळलेला पट्टा, नखातली जखम यांपैकी काहीही त्याचे कारण असू शकते. ठणकणारी डोकेदुखी, चेहरा लाल होणे, इजेच्या वरच्या भागात दरदरून घाम, अंगावर काटा आणि अस्वस्थता ही त्याची लक्षणे. अशा व्यक्तींचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० इतका कमी असू शकतो. त्यामुळे यंत्रावर १४० दिसले की ‘फारसे नाही’ असे वाटून दुर्लक्ष होते, पण त्या व्यक्तीसाठी ती मोठी उसळी असते. नेहमीपेक्षा २० ते ४०ने वाढलेला दाब हा इशारा मानावा. व्यायाम तत्काळ थांबवावा, व्यक्तीला ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, पट्टे आणि कपडे सैल करावेत, लघवीची पिशवी आणि नळी तपासावी, दर काही मिनिटांनी दाब मोजावा. कारण सापडले नाही किंवा दाब उतरला नाही तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. आडवे झोपवू नये. चक्कर आलेल्या माणसाला झोपवण्याची आपली सवय येथे उलटी पडते.

तिसरी गोष्ट ऊन. इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही किंवा फार कमी येतो, त्यामुळे शरीर थंड राहत नाही. मार्च ते मे या महिन्यांत आमच्याकडे पत्र्याच्या छताखालील जिममध्ये दुपारी व्यायाम ठेवणे म्हणजे त्रासाला बोलावणे. सकाळची वेळ, पंखा, ओला रुमाल, तोंडावर आणि हातांवर फवारण्यासाठी पाण्याची स्प्रेची बाटली एवढी व्यवस्था पुरते.

आता पाण्याचा विषय आला, आणि येथे एक अडचण आहे जिच्याविषयी पुस्तकांत फारसे वाचायला मिळत नाही. व्यायामाला पाणी प्यावे लागते. पाणी प्यायले की मूत्राशय रिकामे करावे लागते. ज्यांना दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढावी लागते त्यांना त्यासाठी स्वच्छ, आत व्हीलचेअर वळेल एवढी जागा आणि आतून लागणारी कडी हवी असते. ती नसते. म्हणून लोक घराबाहेर पडायच्या आधीपासून पाणी पिणे बंद करतात, विशेषतः स्त्रिया. परिणामी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, ताप येतो, व्यायाम सुटतो, आणि मग आपण फाइलवर लिहितो की रुग्णात इच्छाशक्तीचा अभाव आहे. जिम सुरू करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की रॅम्पचा खर्च करताना शौचालयाचाही विचार करा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असेल आणि आत एक भक्कम आडवा दांडा असेल तरी पुष्कळ फरक पडतो.

उरली त्वचा आणि खांदे. संवेदना नसलेल्या भागावर दाब पडून होणारी जखम महिनोन्महिने भरत नाही, आणि तेवढे महिने माणूस पुन्हा अंथरुणाला खिळतो. व्यायाम नेहमी गादीवर किंवा उशीवर बसूनच करावा, तापलेल्या फरशीवर बसू नये, आणि घरी गेल्यावर हातातला आरसा घेऊन बैठकीचा भाग पाहण्याची सवय लावावी. दाब हलका करण्यासाठी दोन्ही हातांवर अंग उचलण्याची जुनी पद्धत खांद्यांना महागात पडते; त्याऐवजी पुढे किंवा बाजूला झुकून जवळपास दोन मिनिटे तसे राहणे अधिक उपयोगी, कारण त्वचेत रक्त पुन्हा खेळायला तेवढा वेळ लागतो. खांद्याच्या बाबतीत तर मी आग्रही आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. चाक ढकलण्याने खांद्याचे पुढचे स्नायू आपोआप बळकट होतात, मागचे मात्र दुबळे राहतात, आणि या असमतोलातून दुखणे सुरू होते. त्यामुळे ढकलण्यापेक्षा ओढण्याचे व्यायाम अधिक द्यावेत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून, कोपरे मागे नेत ती ओढणे हा माझ्या अनुभवात घरी करता येणारा सर्वांत चांगला व्यायाम आहे. खुर्चीचे ब्रेक लावलेले असावेत. पकड दुबळी असेल तर ट्यूबला फास करून तो मनगटात अडकवावा. एक लिटर पाण्याच्या बाटलीचे वजन साधारण एक किलो भरते, त्यामुळे डंबेल्स विकत घेण्याची सक्ती कोणालाही करू नये.

इतर काही गोष्टी थोडक्यात सांगते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, त्यामुळे हृदयाची तपासणी झाली आहे का हे आधी विचारावे. त्यांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असण्याचीही शक्यता असते. म्हणून कोलांटउडी, शीर्षासन, हलासन असे मानेवर भार देणारे प्रकार तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय करून घेऊ नयेत, आणि मान दुखणे, मान एका बाजूला धरणे, चाल बदलणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे यांपैकी काही दिसले तर त्वरित थांबून डॉक्टरांकडे पाठवावे. एवढे पाळले की ही मुले धावू शकतात, नाचू शकतात, पोहू शकतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेल्या मुलांना जोर लावायला दिला तर स्नायूंचा ताठरपणा वाढतो असे पूर्वी शिकवले जात असे; नंतरच्या अभ्यासांनी ती भीती निराधार ठरवली आहे, तरीही ती अजून कानावर येते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला एका वेळी एकच सूचना द्यावी, करून दाखवावे, आणि वेळ, जागा व क्रम शक्यतो बदलू नये.

दृष्टिहीन व्यक्तींबाबत योगशिक्षकांशी माझे नेहमी बोलणे होते. ‘हात असा घ्या’, ‘माझ्याकडे बघा’, ‘इकडून तिकडे’ अशा सूचनांतून त्यांना काहीच कळत नाही. ‘उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर, तळवा जमिनीकडे’ असे पूर्ण बोलावे. दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगितली तर अधिक नेमकी होते. स्पर्श करून दाखवायचे असेल तर आधी विचारावे, विशेषतः समोर स्त्री किंवा मुलगी असेल तेव्हा. वर्गाची फेरी एकदा करून खांब, चपला आणि गाद्या कुठे आहेत हे सांगावे, आणि मग त्या हलवू नयेत. कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत क्रीडाशिक्षकाची शिट्टी निरुपयोगी ठरते. हाताची ठरलेली खूण किंवा रंगीत झेंडा वापरला की पुरते, आणि शिक्षकाने सूर्याकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मग त्याचा चेहरा दिसत नाही. या गोष्टी कोणत्याही शाळेत उद्या सकाळपासून करता येण्याजोग्या आहेत. तरी अजूनही पीटीच्या तासाला अपंग मुलाला झाडाखाली बसवून इतरांच्या चपला आणि दप्तरे सांभाळायला सांगितले जाते. त्या तासाला ते मूल जे शिकते ते पुढे पुसून काढायला आम्हाला फार वर्षे लागतात.

साधनांविषयी एक निरीक्षण नोंदवते. खेडोपाडी दिसणारी हाताने चालवायची तीनचाकी सायकल हे हृदय आणि फुप्फुसांच्या व्यायामाचे उत्तम साधन आहे. बाजाराला जाऊन येणे हाच त्या माणसाचा आठवड्याचा व्यायाम होऊ शकतो. अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी मिळू लागल्या आहेत. त्यांमुळे माणसे लांबच्या गावी कामाला जाऊ लागली, हा लाभ इतका मोठा आहे की त्याविरुद्ध मी कधीच बोलणार नाही. पण बॅटरी आल्यावर हातांचा रोजचा व्यायाम बंद झाला, हे आपण लक्षात घेऊन त्याची भरपाई व्यायामाच्या आखणीत करायला हवी. पाय गमावलेल्या व्यक्तींबाबत उलटी स्थिती असते. गुडघ्याच्या वर पाय कापलेला असेल तर कृत्रिम पायावर चालायला पुष्कळ जास्त ऊर्जा खर्च होते. त्यामुळे त्यांचे ‘फक्त चालणे’ हाही जोरकस व्यायाम असू शकतो, आणि त्यांना सुरुवात कमी अंतराने आणि जास्त थांब्यांनी करू द्यावी. व्यायामानंतर पायाचा उरलेला भाग पुसून, लाल डाग पाहून, कोरडा करूनच पुन्हा सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या खोबणीत) घालावा.

आता रुग्णालयाकडून गावाकडे हा व्यायाम कसा पोहोचवायचा ते सांगते. फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक यांच्यात आपल्याकडे बोलणेच होत नाही. मी अलीकडे एक पान मराठीत लिहून देते. त्यात निदानाचे मोठे नाव एका ओळीत आणि त्याचा अर्थ सोप्या भाषेत, व्यक्तीचे स्वतःचे उद्दिष्ट तिच्याच शब्दांत, करायचे चार-पाच व्यायाम, टाळायच्या दोन-तीन गोष्टी, थांबण्याची लक्षणे, नेहमीचा रक्तदाब आणि माझा फोन क्रमांक असतो. ते पान प्रशिक्षकाला देण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घेते, कारण तिच्या प्रकृतीची माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे. पहिल्या दिवशी शक्य असेल तर मी स्वतः जिममध्ये किंवा शाळेत जाते, आणि खुर्चीतून बाकावर सरकताना मदत कुठे धरून करायची, कुठे करायची नाही, हे त्या व्यक्तीलाच प्रशिक्षकाला शिकवायला सांगते. तिच्या शरीराविषयी तिला जे माहीत असते ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नसते, आणि शिकवण्याची भूमिका तिच्याकडे गेली की दोघांमधला अवघडलेपणा लवकर सरतो.

या कामाला वेळ लागतो आणि त्याचे वेगळे शुल्क कोणी देत नाही, हे मला ठाऊक आहे. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना अर्धा तास एका पानासाठी काढणे सोपे नाही. त्यामुळे हे काम व्यक्तींच्या सद्भावनेवर न सोडता रुग्णालयांनी घरी पाठवण्याच्या कागदपत्रांतच त्याचा समावेश करावा, असे माझे ठाम मत आहे. तसेच शारीरिक शिक्षणाच्या आणि प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमांत या विषयाचे प्रात्यक्षिक असावे, आणि ते दिव्यांग व्यक्तींनी स्वतः घ्यावे, त्यासाठी त्यांना मानधन मिळावे.

शेवटी खंड पडण्याविषयी, कारण तो पडतोच. सुगी असते, लग्नसराई असते, सोबत येणारा भाऊ ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी जातो, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, खुर्चीचे चाक मोडते. अशा वेळी ‘सगळे वाया गेले’ असे म्हणून माणूस येणेच बंद करतो, आणि आपणही त्याची चौकशी करत नाही. सलग दोन आठवडे कोणी आले नाही तर प्रशिक्षकाने फोन करावा आणि ‘का आला नाहीत?’ असे न विचारता ‘काय अडचण आली?’ असे विचारावे. ताप पूर्ण उतरल्यावर, त्वचा एकदा तपासून, आधीच्या निम्म्या वजनाने आणि निम्म्या वेळेने पुन्हा सुरुवात करावी, आणि पूर्वीच्या पातळीवर दोन ते तीन आठवड्यांत यावे. सोबतीला कोणी नसेल तर तेवढ्या काळापुरता खिडकीच्या गजाचा व्यायाम फोनवर पाहून करून घेता येतो. त्यासाठी आठवड्यातून दोन वेळा, आधी ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे मोकळी ठेवावीत.